बैठकीत काढलेला फड

पुण्यात ज्यांच्या घरी मी रंग देतो त्या लोकांना भिंतीवर गाव लागतं. एकाला बैलगाडी पाहिजे असते, एकीला डोक्यावर घागरी घेतलेल्या बायांची रांग. आणि मागचा रंग असा भडक, की आमच्याकडं पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतात तसला. हळदीचा पिवळा, विटकरी, निळीचा गर्द निळा. डब्यावर त्या रंगांना इंग्रजी नावं असतात. ती मला आता तोंडपाठ झालीत, कारण चुकीचा डबा उघडला तर दुकानदार परत घेत नाही आणि बोलणी मी खातो. सोफ्यामागच्या एकाच भिंतीला असला रंग द्यायचा, बाकी तीन पांढऱ्या ठेवायच्या. मग पाहुणे आले की त्या एका भिंतीपुढं उभे राहून फोटो काढतात.

मी ह्या कामाला नावं ठेवत नाही. ह्या कामानंच मला उभं केलंय. माझी शाळा आठवीत सुटली. दिवाळी झाली की आबा आणि माय कारखान्याच्या उसाला जायचे, मी त्यांच्यासंगं जायचो, आणि उन्हाळा लागता लागता परत यायचो तोवर वर्गातली पोरं कुठल्या कुठं गेलेली असायची. एका साली मी वर्गात गेलोच नाही. मास्तरनी निरोप पाठवला, आबांनी ऐकून घेतला, तिथंच ते संपलं. पुढं काही वर्षं फडात राबलो. फड म्हणजे तोडणीचं उसाचं रान. मग एक दिवस घरी न सांगता रंगकाम करणाऱ्या पोरांबरोबर पुण्याला निघून आलो.

तिथं एका मॅडमच्या साइटवर पुट्टी घासायला लागलो. मॅडम लोकांची घरं आतून सजवून देतात. जेवणाच्या सुट्टीत मी एकदा कोऱ्या भिंतीवर खडूनं बैल काढला आणि पुसायचा विसरलो. मॅडम आल्या, बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, गेली नोकरी. त्या म्हणाल्या, "हात छान आहे रे तुझा. रंगात काढशील?" त्या दिवसापासून मी पुट्टीतून सुटलो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण अजूनही त्यांचा फोन वाजला की आधी हेच मनात येतं. कुठं थेंब पडला का, कुणाच्या फरशीला डाग गेला का, आता बस झालं म्हणतात का.

एकदा एका मोठ्या फ्लॅटच्या जेवणाच्या खोलीसाठी मॅडमनी मला विचारलं, "तुमच्या बीडकडे काय असतं? वेगळं काहीतरी सांग."

मी म्हणालो, "ऊसतोड."

"मग ऊसच काढ. हिरवा मस्त उठेल."

मी पिवळ्या भिंतीवर उंच ऊस काढला, त्यात कोयता घेऊन वाकलेला माणूस आणि डोक्यावर मोळी घेतलेली बाई. त्या घरच्या लोकांना फार आवडलं. मी साहित्य आवरत होतो तेव्हा ते टेबलाशी बसून पुलाव खात होते आणि भिंतीकडं बघत म्हणत होते, किती फ्रेश वाटतंय. मी मोबाइलवर फोटो काढून बहिणीला पाठवला.

बहीण माझ्याहून धाकटी. माय-आबा सहा महिने फडावर असायचे तेव्हा ती तलवाड्याला मावशीकडं राहून शिकली. बारावी पास झाली. आमच्या घरात एवढं शिकलेलं तीच. तिला नर्सिंगला जायचं होतं. लग्नाचं निघालं तेव्हा तिनं मायला एकच अट सांगितली, "कोयत्याचं घर नको. बाकी काळा असू दे, गोरा असू दे, माझं काई म्हणणं न्हाई."

ही अट बाहेरच्याला साधी वाटेल. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्या माणसाला टोळी नेणारा मुकादम अर्धा कोयता म्हणतो, आणि अर्ध्याला टोळीत घ्यायला नाखूष असतो. तो तोडणार, पण मोळ्या कोण बांधणार, गाडीत कोण चढवणार? म्हणून सीझन तोंडावर आला की पोरांची लग्नं घाईनं उरकून घेतात. असल्या लग्नाला आमच्यात गेटकेन म्हणतात. नोंद नसलेला ऊस थेट कारखान्याच्या गेटवर नेऊन घालतात ना, तसं. बहिणीनं मावशीच्या गल्लीत अशी लग्नं बघितली होती. वर्गातल्या पोरी दिवाळीआधी वर्गातून गेल्या आणि पुढच्या साली कडेवर लेकरू घेऊन बाजारात दिसल्या.

पोळ्याला मी गावी गेलतो तेव्हा आबा म्हणाले, "बरं झालं आलास. तेलगावकडचे पाहुणे यायलेत पोरीला बघायला. चांगलं घर हाय. पाण्याखालची जमीन, पोरगं कंपनीत. कोयता कवाच सोडलाय त्यांनी. घराला जरा रंग दे."

कोयता सोडलाय म्हटल्यावर बहीण चहा करायला आत गेली आणि आतून गुणगुणायला लागली. ते मला स्पष्ट आठवतं.

आमचं घर दोन खोल्यांचं, स्लॅबचं. बाहेरून गिलावा झालेला, आतून नुसताच सिमेंटचा करडा. वर्षातले सहा महिने कुलूप, मग रंगाची हौस कोण करणार? आबांचं म्हणणं पडलं, "फिकट गुलाबी दे. समद्यांच्या घरी असतोय." मायला हिरवा पाहिजे होता, तोही फिकट. बहिणीनं माझा मोबाइल घेतला, तो फ्लॅटमधला फोटो उघडला आणि दोघांपुढं धरला.

"मला असलं पायजे. बैठकीत. समोरच्या भितीवर."

आबांनी मोबाइल जवळ नेला, लांब नेला. "ही काय थट्टा लावलीय? ऊस बघू बघू डोळं फुटायची पाळी आली आन आता घरात बी ऊस?"

"पुण्याचे लोक पैसे देऊन काढून घेत्यात आबा."

"त्यांनी कवा तोडला न्हाई म्हणून काढून घेत्यात."

पण तिनं हट्ट सोडला नाही. तिचं म्हणणं मला पटलं, आणि अजूनही त्यात मला काही खोट दिसत नाही. ती म्हणाली, "आपुन तोडला हे खरंच हाय ना दादा? लपवायचं कावून? येणारांनी बगावं, की ह्या घरानं ऊस तोडून पोरगी शिकवली. आता ते भितीवर राहू दे आन मी बाहेर पडते."

माजलगावला रंग आणायला आम्ही दोघं मोटारसायकलवर गेलो. दुकानदाराला पिवळा सांगितला तर तो म्हणाला, "देवळाचं काम हाय का?" मी म्हणालो, घराचं आहे, आतून द्यायचाय. त्यानं बहिणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आतून? झोप लागंल का बे तुमाला?" बहीण हसून म्हणाली, "लागंल की काका, डोळे मिटूनच झोपतोत आमी." परत येताना मी मोटारसायकल इतकी हळू चालवली की मागून सायकलवाला पुढं गेला. डबे सांडतील ह्या धास्तीनं मला खड्डा न खड्डा पाठ झाला होता.

ते दिवस मात्र चांगले गेले. खोटं कशाला बोलू. पुण्यात मी कोपऱ्यात गुपचूप काम करतो, चपला बाहेर काढून, त्यांच्या माणसांच्या पायात येणार नाही असा. इथं घर माझं होतं. पुट्टी भरली, पॉलिश पेपरनं घासली, प्रायमर मारलं. बहीण ओढणीनं तोंड बांधून माझ्याबरोबर घासत होती. पिवळ्याचा पहिला हात बसला तेव्हा खोलीत दिवा लावल्यासारखं झालं. शेजारच्या बाया डोकावून जायच्या. एक म्हणाली, "अगं बया, हळदच खेळलाव काय भिताडावर?"

ऊस मी खालून वर काढत नेला. पाचट वाळलेलं, शेंडा हिरवा. उसात कोयता घेतलेला माणूस आला तो आबांच्या पाठीचा, उजव्या खांद्याला जरा वाकडा. मायनं लांबूनच ओळखला. म्हणाली, "ह्या माणसाला भितीवर बी सरळ उभं राहाता येईना."

मोळी घेतलेल्या बाईसाठी मात्र मला कुणीतरी समोर उभं पाहिजे होतं. माय तयार होईना. मग बहीण उभी राहिली. सरपणाची लहानशी मोळी डोक्यावर घेऊन, एक हात वर, एक हात कमरेला. लुगड्याचा रंग तिनं स्वतः कालवला. राणी रंग. माझ्यापाशी तयार नव्हता, तिनं लालात निळीचा थेंब थेंब टाकत, दर थेंबाला कागदाच्या तुकड्यावर लावून बघत आणला. मॅडमच्या हाताखाली दोन वर्षं काम केलेल्या पोरालासुद्धा तसा जमत नाही. चेहरा काढताना मी म्हणालो, "कुणाचा बी काढतो, मायचा काढू का?"

"माझाच येऊ दे. उभी मी राहायले आन तोंड मायचं?"

मी तिचंच तोंड काढलं. कपाळावर केसांची बट, हनुवटी जराशी पुढं. काम झाल्यावर ती समोर उभी राहून बघत राहिली. म्हणाली, "दादा, मी आता हितून गेले तरी हितंच राहीन." माय स्वयंपाकघरातून ओरडली, "मोठी आली राहाणारी. आधी भाकरी थाप." मी त्या भिंतीचा फोटो मॅडमना पाठवला. त्यांनी तीन फुलं पाठवली. मला इतका आनंद झाला की ती मी आबांनापण दाखवली.

पाहुणे आले ते पाच जण. मुलगा, त्याचा बाप, चुलता आणि आणखी दोघं. मुलगा गरीब वाटला, मान खाली घालून मोबाइलचं कव्हर उचकटत बसला होता. बाप कमी बोलणारा. सगळा कारभार चुलत्याच्या हातात. पांढरा शर्ट, खिशाला पेन. बसता बसता त्याची नजर भिंतीवर गेली आणि तो उठून जवळ गेला.

"कुणी काढलं हे?"

"ह्यानं," आबा माझ्याकडं हात करून म्हणाले. आवाजात कौतुक होतं. "पुण्याला असतोय. मोठमोठ्या लोकांच्या घरी हेच काम."

चुलत्यानं बोट न लावता, पण अगदी लावल्यासारखं, मोळीवर नेलं. "मोळी वाढ्यानं बांधलीय. बगा हो, बरोबर उसाच्या वाढ्यानंच बांधलीय. पीळ बी बरोबर दिलाय." मग कोयत्यापाशी वाकला. "बुडातून घ्यायलाय. वर ठेवलेलं न्हाई एक बोट. काढणारा फडात राबलेला हाय, ऐकीव न्हाई."

पुण्यात मी एवढ्या भिंती रंगवल्या, पण मोळी दोरीनं बांधलीय का वाढ्यानं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यानं, हे कधी कुणी बघितलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. वाटलं, ह्या माणसाला कळलं. ह्या घरात बहीण गेली तर तिचं म्हणणंही कळेल.

बहीण चहा घेऊन आली. चुलत्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा भिंतीकडं.

"ही तूच का गं?"

ती हसून मान खाली घालून म्हणाली, "व्हय."

आता पोरगी दाखवताना आईनं पोरीची कामं सांगायची हा आमच्याकडचा रिवाजच आहे. काही विचारलं की आई दारातून बोलते. स्वयंपाक येतो, शिवण येतं, धारा काढती. माय तसंच बोलायला लागली. चित्राचं निघालं म्हणून तिचा उत्साह वाढला.

"चित्रातलं खोटं न्हाई बरं का. मागल्या उन्हाळ्यात पेपर झाल्यावर आलती आमच्याकडं फडावर. बाईनं मोळी बांधावी तर हिनं. डोईवर घेतली की एका दमात फळी चढून गाडीत. टोळीतल्या जुन्या बाया बघत राहायच्या. शिकलेली म्हणून कामाला मागं न्हाई माझी लेक."

बहिणीच्या हातातला ट्रे मी बघत होतो. तो हलला नाही. पण तिनं मान वर केली आणि मायकडं बघितलं. मायला काही कळलं नाही. ती आनंदात होती.

चुलता मांडीवर थाप मारून म्हणाला, "मग काय ऱ्हायलं? आमच्या पोराची जोडी जमली."

मी विचारलं, "जोडी म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? औंदा टोळीत चाललंय ते. मीच मुकादम हाय, घरची टोळी हाय. अर्धा म्हणून कसं नेऊ त्याला?"

"पण ते कंपनीत होते ना?"

"व्हतं की. कंपनीनं घरी पाठवलं. मग काय आता देवघरात बसवून हार घालू का त्याला?"

सगळे हसले. मुलगा नाही हसला. त्यानं मोबाइलचं कव्हर परत बसवलं.

मी आबांकडं बघितलं. आबा सुपारी कातरत होते. मग मीच बोललो. "तिला पुढं शिकायचंय. नर्सिंगला."

"शिकू द्या की!" चुलता असा म्हणाला, जसं काही आम्हीच अडवून बसलो होतो. "कोण न्हाई म्हणायलंय? सीझन सहाच महिने असतोय. ऱ्हायलेले सहा महिने शिकंल. आन फडात कुणाला कोयता लागला तर पट्टी बांधायला घरचीच नर्स. दवाखान्याची कटकट मिटली."

परत हसू. ह्यावेळी आबापण हसले. मग कुणीतरी म्हणालं, पोरीला विचारा बाबा, आजकाल विचारावं लागतं. चुलता म्हणाला, "काय पोरी, पसंत हाय का?" बहीण मुलाकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. मी तोंड उघडलं, पण त्याआधी माय दारातून कौतुकानं म्हणाली, "लाजायलीय."

तोच होकार धरला. सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर मी आबांना मागच्या अंगणात गाठलं. म्हणालो, "तुमी म्हणलात कोयता सोडलाय त्यांनी."

"सोडलाच व्हता. आता परत धरलाय. त्यात त्यांचं काय चुकलं?"

"ती न्हाई म्हणायलीय आबा. तिनं एकच मागितलं व्हतं."

आबा माझ्याकडं वळले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तू कावून बोलायलास? तू गेलास पळून. आमी दोघांनी कोयता हाणला तवा ती बारावी झाली. त्या कोयत्याला नावं ठेवतोस?"

"नावं न्हाई ठेवत."

"मग? भितीवर काढला तर लई भारी, आन पोरीच्या हातात दिला तर वंगाळ? एक काय ते ठरव. आज ना उद्या दुसरं घर आलं असतं, त्यात बी हेच असतं. आपल्यात दुसरं घर येतंय कुठून?"

आबा वाईट माणूस नाहीत. त्यांना खरोखर वाटत होतं की चांगलं झालं. घरची टोळी, चुलता मुकादम, म्हणजे पोरीला फडात कुणी डोळा वर करून बघणार नाही. ही आमच्याकडची सुखाची मोजणी.

संध्याकाळी बहीण भांडी घासत होती. मी शेजारी बसलो. म्हणालो, "पुण्याला चल माझ्यासंगं. उद्याच."

"पळून?"

मी तिनं घासलेलं पातेलं उचलून पालथं घातलं.

"तू गेलतास तवा माय किती दिवस जेवली न्हाई ते तुला काय ठाव? मी व्हते घरात. मी न्हाई तसं करायची." तिनं एक ताट दोनदा घासलं. "मॅडमला इचार. त्यांच्यात बाया घेत्यात का कामाला? त्यांनी या म्हणलं तर मी आबापुढं उभी राहून सांगते, नोकरी लागलीय म्हणून. नोकरी म्हणलं की आबा ऐकंल."

मी तिथूनच फोन लावला. मॅडम घाईत होत्या. सगळं ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, "मुलगी चांगली दिसतीये रे, फोटोतला तो गुलाबी तिनं केलाय म्हणतोस? दिवाळीनंतर बघू या हं नक्की. आत्ता कामं अडकलीयेत. आणि तू कधी येतोयस? तुझ्यामुळे दोन साइट थांबल्यात."

"येतो मॅडम. लगेच येतो."

"गुड."

बहीण नळाखाली हात धरून ऐकत होती. मी फोन ठेवला तसा तिनं नळ बंद केला.

दिवाळीआधी लग्न झालं. ना तिथी ना मुहूर्त, भटजीनं शोधून काहीतरी काढलं. आमच्याच दारात मांडव. सगळ्या बायांनी बैठकीत त्या पिवळ्या भिंतीपुढं नवरीबरोबर फोटो काढून घेतले. एक चुलती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आमच्या बी बैठकीत असलंच काढ की रं बाबा. आमची पोरगी बी यंदा उजवायचीय. भित लाभली बघ तुमाला, पयल्याच पाहुण्यात जमलं." मी म्हणालो, सुट्टी संपली. ती म्हणाली, मोठ्या लोकांचीच कामं कर, आमी काय. माझ्यावर ती अजून रागावलेली आहे.

नर्सिंगचा अर्ज भरायचा राहून गेला. म्हणजे भरायला कुणी नाही म्हटलं नव्हतं. ज्या आठवड्यात कागद जोडून द्यायचे होते त्या आठवड्यात हळद होती. मग मांडवपरतणी. मग टोळ्या न्यायला ट्रॅक्टर आला. माय-आबा एका टोळीत गेले, ती दुसऱ्या. घराला कुलूप लागलं.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी मॅडमनी आपणहून विचारलं, "अरे, तुझ्या बहिणीचं काय झालं? ये म्हणावं तिला, बघते मी काहीतरी." मॅडम शब्दाच्या पक्क्या आहेत. मी म्हणालो, लग्न झालं मॅडम तिचं. "अरे वा! मग पेढे कुठायत?" दुसऱ्या दिवशी मी पेढे नेले.

गेल्या महिन्यात बाणेरच्या बाजूला एका घराचं काम निघालं. त्या बाईंनी मॅडमच्या मोबाइलमध्ये आमच्या बैठकीचा फोटो बघितला होता. त्यांना तेच पाहिजे होतं, तस्संच, तोच पिवळा, तोच ऊस, त्या गुलाबी साडीवालीसकट. मॅडम मला म्हणाल्या, "बघ, तुझ्या घराची भिंत आता पुण्यात." माझ्यावर त्यांनी भरवसा टाकला होता. नाही कसं म्हणणार, आणि नाही म्हटलं तर दुसरा पोरगा हजर आहे, तोही चांगलं काढतो.

राणी रंग मला बहिणीसारखा जमेना. लालात निळा जरा जास्त झाला की जांभळट पडायचा. शेवटी तयार डबा आणला. ऊस झाला, आबांची वाकडी पाठ झाली, मोळी झाली. चेहरा मी सगळ्यात शेवटी घेतला. बहिणीचाच घेतला, दुसरा हातात येईना.

घरच्या बाई कॉफीचा मग घेऊन आल्या. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. "सुंदर झालंय हो. फक्त एक सांगू का? ही जरा हसरी कराल? इथे आम्ही जेवायला बसतो ना रोज."

"करतो ना," मी म्हणालो.

बारीक ब्रशनं मी ओठांची टोकं वर उचलली. गालावर थोडा उजेड दिला. ते काम चालू असतानाच बहिणीचा फोन आला. कारखान्याच्या भागात रेंज नसते, ती कुठंतरी उंचावर जाऊन करते, म्हणून तिचा फोन सोडता येत नाही. मी बाल्कनीत गेलो.

मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी विचारलं, कसं हाय. म्हणाली, बरं हाय. हात फुटलेत, कायतरी लावायला पाठव. नवरा चांगला हाय, बोलत न्हाई जास्ती, पण मोळी उचलताना हात देतोय. मी म्हणालो, उन्हाळ्यात अर्ज निघतील परत, मी भरून देतो. ती म्हणाली, "सासू म्हणायलीय, पुढच्या साली बगू. कागदपत्रं घरीच हायत, कुलुपात." मग म्हणाली, "तू कुठं हायस?"

"कामावर."

"काय काढायलास?"

काचेच्या दारातून भिंतीवरची ती मला दिसत होती. घरच्या बाई आपल्या मुलीला बोलावून दाखवत होत्या.

"काई न्हाई," मी म्हणालो. "नुसता रंग द्यायलोय. पांढरा."

"बरं. ठिवते मग. गाडी भरायचीय."

तिनं फोन ठेवला. मी पाय पुसून आत गेलो. ओठांचा एक बाजूचा रंग अजून ओला होता.